कचऱ्याने भरलेल्या पार्कात नाणी शोधायला कोणता मेटल डिटेक्टर घ्यावा?

एरीकाठची | ३ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथे हा छंद असणारे दोन-तीन जण आहेत हे जुन्या प्रतिसादांवरून माहीत आहे.

मी क्लीव्हलँडच्या पूर्वेकडच्या एका उपनगरात राहते. माझे बाबा दरवर्षी साताऱ्याहून चार-पाच महिन्यांसाठी येतात. वय ७१. मागच्या उन्हाळ्यात एका गराज सेलमध्ये २५ डॉलरला जुना मेटल डिटेक्टर मिळाला आणि बाबांना घराबाहेर पडायला कारण मिळालं. घरापासून दहा मिनिटांवर गावचा जुना पार्क आहे. १९२०च्या दशकातला. बँडस्टँड पाडला, पण त्याचा चौथरा अजून आहे. एवढ्या जुन्या जागी चांदीची नाणी असणारच, अशी बाबांची खात्री.

बाबा हिशेबनीस होते, त्यामुळे वही ठेवली आहे. मागच्या वर्षीचा जमाखर्च: शीतपेयांच्या डब्यांचे टॅब ४१२, बाटल्यांची बुचं १८७, अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे "मोजले नाहीत", खिळे "मोजले नाहीत", नाणी ६३. चांदीचं एकही नाही.

या वर्षी त्यांना नीट यंत्र घेऊन द्यायचं आहे. हद्द ६०० डॉलर. बाबांचा उजवा खांदा दुखतो, तेव्हा वजन महत्त्वाचं. दुकानदार "हे जास्त खोल जातं" एवढंच सांगतात. आमची अडचण खोलीची आहे की दुसरीच काही, हेच मला कळत नाहीये.

नाणेघाट | ३ मे, रात्री १०:१५

धागा आवडला. आधी दोन गोष्टी सांगा. पार्क गावचा आहे की राज्याचा? आणि परवानगी काढली आहे का? नॅशनल पार्कांत हे यंत्र चालवायलाच बंदी आहे. १९७९च्या पुरातत्त्व कायद्याखाली गुन्हाही दाखल होऊ शकतो. गावच्या पार्कांचे नियम गावागणिक वेगळे असतात. न्यूयॉर्क शहरात परवाना लागतो, काही गावांत नुसतं कळवलं तरी पुरतं, काही ठिकाणी साफ मनाई असते.

एरीकाठची | ३ मे, रात्री १०:३२

गावचाच आहे. पार्क खात्याला फोन केला होता. खेळाची मैदानं आणि फुलांचे वाफे सोडून बाकी ठिकाणी चालेल, हातात मावेल एवढंच अवजार वापरायचं, खड्डा बुजवायचा, असं सांगितलं. त्यांचं ईमेल छापून बाबांच्या खिशात ठेवलं आहे.

नाणेघाट | ४ मे, सकाळी ७:०५

उत्तम. तो कागद खिशातच असू द्या.

तुमची अडचण खोलीची नाही, ताई. बाबांच्या वहीतच उत्तर आहे. सहाशेच्या आसपास कचरा निघाला, म्हणजे जमिनीत त्याच्या कितीतरी पट आहे. जुनं नाणं बहुतेक वेळा पाच-सात इंचांवरच असतं, पण त्याच्या वर आणि शेजारी तीन खिळे, एक टॅब आणि गवत कापायच्या यंत्राने चिरफाळलेला डबा असतो. तुमच्या जुन्या यंत्राला हे सगळं एकच गाठोडं दिसतं. खोल जाणारी मोठी कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तबकडी, लावलीत तर गाठोडं आणखी मोठं होईल.

म्हणून क्रम असा धरा: आधी छोटी कॉइल, मग यंत्राचा रिकव्हरी स्पीड (एका संकेतातून मोकळं होण्याचा वेग), मग एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी (वारंवारिता) चालवण्याची सोय, आणि खोली सगळ्यात शेवटी. मी पिट्सबर्गच्या पार्कांत अकरा वर्षं फिरतोय. माझ्या चांदीच्या नाण्यांपैकी निम्म्याहून जास्त ६ इंची कॉइलने निघाली, आणि तीही अशा जागी, जिथून लोक "इथे काही उरलं नाही" म्हणून निघून गेले होते.

भोवरा | ४ मे, सकाळी ११:२०

+१. यामागचं कारण थोडं सांगतो, म्हणजे बाबांना यंत्राचा आवाज समजून घेता येईल.

कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. त्यामुळे धातूत भोवरा प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विद्युतप्रवाह, निर्माण होतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र परत येतं. ते किती उशिरा येतं, म्हणजे फेज किती मागे पडते, यावरून यंत्र पडद्यावर आकडा दाखवतं. धातूची विद्युतवाहकता, जाडी आणि आकार या सगळ्यांचा मिळून तो एक आकडा असतो, म्हणून त्यावरून धातू ओळखता येत नाही. पातळ सोन्याची अंगठी, निकेलचं पाच सेंटचं नाणं आणि अ‍ॅल्युमिनियमचा टॅब एकाच पट्ट्यात येतात ते यामुळेच. चांदी आणि तांबं वरच्या टोकाला, लोखंड खालच्या.

आता रिकव्हरी स्पीड. एका वस्तूचा संकेत संपवून यंत्र पुढचा ऐकायला किती लवकर मोकळं होतं, ते म्हणजे रिकव्हरी. हळू यंत्र खिळ्याचा संकेत "पचवत" असतं, तेवढ्यात कॉइल नाण्यावरून पुढे निघून जाते. नाणं झाकलं जातं. त्यात लोखंड गाळायची सोय पुरी लावून ठेवली, तर खिळ्याबरोबर शेजारच्या नाण्याचा आवाजही गिळला जातो.

क्लीव्हलँडचा उल्लेख आला म्हणून सांगतो. शेजारच्या लोखंडाने संकेत झाकण्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण तुमच्या भागातल्या माणसाचं आहे. राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड ओहायोचे. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांना गोळी लागली. शरीरातली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी इंडक्शन बॅलन्स नावाचं यंत्र बनवलं आणि जुलैअखेरीस व ऑगस्टच्या सुरुवातीला दोनदा वापरून पाहिलं. तत्त्व आजच्यासारखंच. पण गादीखाली पोलादी तारा होत्या, त्यांचाच आवाज येत राहिला. शिवाय डॉक्टरांनी ज्या बाजूला शोधू दिलं, गोळी त्या बाजूला नव्हतीच. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. त्यांचं स्मारक क्लीव्हलँडच्या लेक व्ह्यू दफनभूमीत आहे. बाबांना एकदा घेऊन जा.

बेएरियावाला | ४ मे, दुपारी १:१०

सहाशेची हद्द सोडून द्या असं सुचवेन. एक्सपीचा डीअस टू किंवा माइनलॅबचा मँटिकोर घ्या. दोन्ही कचऱ्यात अफाट चालतात. डीअस वजनाला फार हलका आहे, खांद्याला बरा. एकदाच घ्यायचं तर चांगलं घ्यावं.

नाणेघाट | ४ मे, दुपारी २:४५

डीअस टू हलका आहे आणि वेगवान आहे, हे शंभर टक्के मान्य. पण तो तुमच्या हद्दीच्या खूप वर जातो आणि त्यात सेटिंग्जचं जंगल आहे. पाच महिने वापरून सात महिने कपाटात राहणाऱ्या यंत्राला ते कशाला? शिकायला जास्त वेळ लागणारं यंत्र ज्याच्याकडे वर्षभर वेळ आहे त्याने घ्यावं.

सहाशेच्या आत माझ्या मते तीन वाटा आहेत.

माइनलॅबचा व्हँक्विश ५४०. अनेक फ्रिक्वेन्सी एकदम चालतात, चार एए सेल घातले की सुरू. फार काही बदलता येत नाही, रिकव्हरी स्पीडही हाताने ठरवता येत नाही. ज्याला फिरायला आवडतं आणि मेनूत शिरायला नको वाटतं, त्याच्यासाठी हे चांगलं. प्रो पॅक घेतलात तर ८ बाय ५ इंचाची छोटी कॉइल सोबत येते. कचऱ्यात तीच लावायची.

नोक्ताचा लेजंड. ही तुर्की कंपनी. २०२२ मध्ये लेजंड आला आणि या किमतीतलं गणितच बदललं. रिकव्हरी स्पीड तुम्ही ठरवता, एकदम अनेक फ्रिक्वेन्सी चालतात आणि हवी तर एकच निवडता येते. ६ इंची कॉइल मिळते. वजन सुमारे १.४ किलो, पण छोटी कॉइल लावली की पुढचा भार बराच कमी होतो. हिशेबनीस माणसाला आकड्यांचं यंत्र आवडेल असं मला वाटतं.

तिसरी वाट म्हणजे वापरलेला इक्विनॉक्स ६०० किंवा ८००. २०१८ चं यंत्र, आता ७०० आणि ९०० आल्यामुळे जुने बऱ्या किमतीत मिळतात. रिकव्हरीच्या पायऱ्या ८००ला जास्त आहेत. मात्र ओळखीच्या माणसाकडूनच घ्या. इंटरनेटवर नकली यंत्रं हुबेहूब वेष्टनात विकली जातात.

माझं मत लेजंड आणि ६ इंची कॉइल. मोठी ११ इंची कॉइल घरीच राहू द्या, निदान पहिले दोन महिने.

ब्रॅम्प्टनकर | ४ मे, संध्याकाळी ६:००

कॅनडातल्या वाचकांसाठी एक भर. आमच्याकडे २००० पासून क्वार्टर (२५ सेंट) आणि डाइम (१० सेंट) पोलादावर मुलामा दिलेले आहेत, २०१२ पासून एक आणि दोन डॉलरचीही. त्यामुळे नवी नाणी यंत्रावर उड्या मारतात, कधी लोखंड वाटतात, कधी वरचा आवाज देतात. सुरुवातीला मी वैतागलो होतो. मग लक्षात आलं की मला हवी आहेत १९६७ पर्यंतची चांदीची नाणी, आणि ती एकदम स्वच्छ बोलतात.

शिवराई | ४ मे, रात्री ८:३०

हेच आपल्याकडेही आहे. १९९२ पासूनचा एक रुपया स्टेनलेस स्टीलचा, चुंबकाला चिकटतो. लोखंड गाळायचं बटण दाबून कुणी भारतातल्या मैदानात फिरला तर रुपयांमागून रुपये ओलांडून जाईल.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. एरीकाठची ताई, बाबा परत जाताना यंत्र साताऱ्याला नेणार असतील तर कृपया आधी नीट विचार करा. साताऱ्यात डोंगरावर किल्ला दिसला की मनात काय येणार हे मी जाणतो, मीही त्याच मातीतला. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. संरक्षित किल्ल्यांवर खणणं हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. मी शिवराया, म्हणजे शिवकालापासूनची तांब्याची नाणी, जमवतो. मातीतून उपटून आणलेली शिवराई माझ्याकडे कुणी आणली की वाईट वाटतं, कारण ती कुठल्या थरात होती, सोबत काय होतं, हे सगळं त्या क्षणी पुसलं गेलेलं असतं. पार्कातलं १९६० चं डाइम आणि गडावरची शिवराई या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

एरीकाठची | ४ मे, रात्री ९:१५

शिवराई, हे मनापासून पटलं. यंत्र इथेच राहील. बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. "बरोबर बोलतोय तो" म्हणाले आणि बराच वेळ अजिंक्यताऱ्याबद्दल बोलत बसले.

आणखी एक विचारते. टॅबचा आकडा गाळून टाकला तर ४१२ वेळा वाकणं वाचेल ना? त्यांच्या गुडघ्यांची काळजी वाटते.

मोगरा | ५ मे, सकाळी ८:५०

टॅब गाळू नका! याबद्दल माझा अनुभव सांगते.

न्यू जर्सीत आमच्या मंडळाची उन्हाळी सहल होती. लगोरी खेळताना एका मैत्रिणीचं मंगळसूत्र तुटलं. मणी गवतात पसरले, दोन्ही वाट्या गेल्या. सासूबाईंनी घातलेलं मंगळसूत्र. ती नुसती सुन्न बसून होती. माझ्या नवऱ्याकडे डिटेक्टर होता. दुसऱ्या दिवशी पार्कवाल्यांना विचारून आम्ही दोरी बांधून पट्टे आखले. काळे मणी काचेचे, ते यंत्राला कळणारच नाहीत. वाट्या पातळ, सोन्याच्या, म्हणजे आकडा थेट टॅबच्या पट्ट्यात. त्यामुळे त्या पट्ट्यातला प्रत्येक आवाज खणला. पहिल्या दिवशी ३८ टॅब. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाटी मिळाली, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर दुसरी. टॅब गाळले असते तर दोन्ही वाट्यांवरून कॉइल फिरली असती आणि यंत्र गप्प राहिलं असतं.

नाणेघाट | ५ मे, सकाळी ९:४०

मोगरा, काय सुंदर काम केलंत.

गुडघ्यांचा प्रश्न मात्र खरा आहे, म्हणून मधला मार्ग सांगतो. यंत्रात काहीही गाळू नका, कानाने गाळा. लोखंडाला खालचा आवाज, मधल्या पट्ट्याला मधला, चांदी-तांब्याला वरचा, असे सूर लावून ठेवा. मग बाबांनी ठरवायचं की आज फक्त वरचे सूर खणायचे. यंत्र मात्र सगळं ऐकवत राहील, आणि खिळ्यांच्या गर्दीत एखादा वरचा सूर चिवचिवला तर तो कानावर येईल.

निकेल हवं असेल तर आकडा किती घट्ट बसतो ते बघा. इक्विनॉक्स ८०० वर निकेल १२-१३ वर स्थिर राहतं. टॅब, विशेषतः वाकलेला, दोन-तीन आकडे हलतो आणि आवाज फाटका येतो. लेजंडचे आकडे वेगळे आहेत. त्यासाठी घरी अंगणात एक निकेल, एक झिंकचा सेंट, एक तांब्याचा सेंट, एक डाइम आणि पाच प्रकारचे टॅब मांडून बाबांना स्वतःचा तक्ता बनवू द्या. १९८२ मध्ये सेंट तांब्याऐवजी झिंकचा झाला, म्हणून दोन्ही हवेत. गंजलेला झिंकचा सेंट आणखी खाली उतरतो.

बुचांची युक्ती: पोलादी बूच चपटं असल्यामुळे वरचा आवाज देऊन फसवतं. आवाज आला की कॉइल हळूहळू मागे ओढा. वस्तू कॉइलच्या पुढच्या कडेखाली आली की बुचाचा आवाज मोडतो, लोखंडाचा घरघराट येतो. नाण्याचा आवाज गोलच राहतो. यंत्रातलं आयर्न बायस (शंकास्पद संकेत लोखंड मानण्याचा कल) वाढवूनही बुचं कमी होतात, पण मग खिळ्याला टेकलेलं नाणंही जातं. चौथऱ्याजवळ तरी ते खालीच ठेवा.

भोवरा | ५ मे, सकाळी १०:०५

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राची संवेदनशीलता, हीसुद्धा कमी ठेवा. माझे बरेच मित्र ती शेवटापर्यंत चढवतात आणि मग कचऱ्यात यंत्र सतत बडबडतं. वरून विजेच्या तारा जात असतील तर फ्रिक्वेन्सी स्कॅन करून घ्या, म्हणजे यंत्र कमी गोंगाटाची फ्रिक्वेन्सी निवडेल.

खुरपं | ५ मे, दुपारी ४:२०

लेस्टरहून लिहितोय. इकडे जमिनीच्या मालकाची परवानगी आणि १९९६ चा ट्रेझर कायदा, दोन्ही पाळावे लागतात. पण खणण्याबद्दल जे सांगणार आहे ते सगळीकडे सारखंच.

यंत्रावरचे पैसे थोडे कमी करा, पण पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर, घ्याच. खड्ड्यात हात घालून चाचपडणं थांबतं, खड्डा निम्मा होतो, आणि गुडघ्यावरचा वेळही निम्मा. माती जुन्या टॉवेलवर काढा. गवताचा गड्डा तीन बाजूंनी कापा, चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेली राहू द्या, म्हणजे मुळं तुटत नाहीत. कडक उन्हाळ्यात, जमीन भेगाळलेली असताना, पार्कात खणूच नका. ते गवत मरतं आणि पुढच्या सगळ्यांची परवानगी जाते. हातमोजे हवेत, काचा असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आहे का बघा. आणि काढलेला कचरा परत मातीत टाकू नका. बाबांनी ४१२ टॅब बाहेर काढले हे त्या पार्कावर उपकारच आहेत.

एरीकाठची | ९ मे, रात्री १०:००

लेजंड मागवला, ६ इंची कॉइलसकट. पिनपॉइंटरमुळे हद्द थोडी ओलांडली, पण ते भावाने दिलं. अंगणात तक्ता झाला. बाबांनी वहीत "ध्वनी" असा नवा रकाना आखला आहे.

नाणेघाट | १० मे, सकाळी ६:५०

अजून एक सांगायचं राहिलं. सगळा पार्क फिरू नका. चौथऱ्याभोवती दहा बाय दहा फुटांचा चौकोन घ्या आणि तोच दोन दिशांनी, अगदी सावकाश काढा. वरचे टॅब निघाले की त्यांच्याखालची नाणी बोलू लागतात. गावच्या वाचनालयात पार्काचे जुने हवाई फोटो मिळाले तर बाक कुठे होते, पायवाट कुठे होती ते बघा. लोक उठता-बसताना खिशातून नाणं पडतं. १९६४ पर्यंतचे डाइम आणि क्वार्टर ९० टक्के चांदीचे, आणि त्यानंतर काही वर्षांतच ते लोकांनी साठवल्यामुळे चलनातून गेले. म्हणजे तुम्हाला १९६५ च्या आधी लोक जिथे बसत होते ती जागा हवी आहे.

एरीकाठची | १९ जून, संध्याकाळी ७:३०

मंडळी!! सापडलं.

सहा आठवडे बाबा त्या चौथऱ्याच्या दक्षिणेकडच्या एकाच तुकड्यात होते. वाचनालयातल्या फोटोत तिथे बाकांच्या दोन रांगा दिसतात. वहीप्रमाणे: टॅब ९६, बुचं ४१, खिळे मोजले नाहीत. गव्हाच्या लोंब्या असलेले जुने सेंट ७, सगळ्यात जुना १९१९ चा. एक निकेल १९४३ चं, मागे मोठं पी अक्षर असलेलं, ज्यात ३५ टक्के चांदी असते.

आणि आज सकाळी चांदीचं मर्क्युरी डाइम, १९४१ चं. बाबा म्हणाले, खालचा घरघराट चालू होता आणि त्यात एकाच दिशेने फिरवलं की वर एक बारीक सूर येत होता. नव्वद अंशांत वळून फिरवलं तर गायब. पुन्हा वळले, पुन्हा आला. दोन चौकोनी खिळे निघाले आणि त्यांच्यामध्ये, साडेपाच इंचांवर, हे. कडेवर उभं होतं, असं त्यांचं म्हणणं.

मला ऑफिसात फोन आला. बाबा एवढ्या मोठ्याने बोलत होते की शेजारचीही वळून पाहत होती.

नाणेघाट | १९ जून, संध्याकाळी ७:४१

वा! वा! बाबांना माझा नमस्कार सांगा. एका दिशेने येणारा तो सूर ऐकायला माझी दोन वर्षं गेली होती.

मोगरा | १९ जून, रात्री ८:०२

डोळ्यांत पाणी आलं. फोटो टाका ना.

शिवराई | १९ जून, रात्री ८:१०

घाईने एकच सांगतो: नाणं घासू नका. टूथपेस्ट, चिंच, राख, रांगोळी, काही नाही. बोटानेही चोळू नका, मातीतले कण ओरखडे पाडतात. साध्या पाण्यात रात्रभर ठेवा, नळाच्या बारीक धारेखाली धरा आणि मऊ कापडावर नुसतं टेकवून सुकवा. पुसायचं नाही.

एरीकाठची | १९ जून, रात्री ८:२५

बरं झालं लगेच सांगितलंत. आई चिंचेचा कोळ काढायला निघाली होती. वाटीत पाणी घालून नाणं देव्हाऱ्याशेजारी ठेवलं आहे. फोटो उद्या सकाळी, उजेडात टाकते.